गुरुवारच्या फॅकल्टी टॉकची तयारी, ज्युनियर्ससाठी

यंदा गुरुवारचे टॉक तुमच्याकडे आलेत म्हणून जेवढं आठवतंय तेवढं इथे टाकतोय. आधी एक गोष्ट पक्की करा, हे लेक्चर नाहीये, सर किंवा मॅडम सध्या ज्यावर काम करतायत ते अर्धवट कामच घेऊन येतात, पेपर जर्नलला पाठवायच्या आधी कोणीतरी त्यात खोट काढावी म्हणून. त्यामुळे ऑडिटोरियम नको, वरची छोटी खोली घ्या, खुर्च्या गोल मांडा आणि माइक ठेवूच नका, माइक दिसला की लोक भाषण ठोकतात.

आठवडाभर आधी एक पानाचा सारांश मागून घ्या आणि तुम्ही स्वतः वाचा, नुसता फॉरवर्ड नको. पेपर एसएसआरएन या वेबसाइटवर असेल तर लिंक ग्रुपवर टाका (१९९४ पासून लोक तिथे छापायच्या आधीचे पेपर टाकतायत), नसेल तर पीडीएफ कुणालाच द्यायची नाही. आणि स्लाइडचे फोटो तर बिलकुल नाही. मी दुसऱ्या सेमला टेबल तीनचा फोटो स्टेटसला ठेवला होता, दोन महिन्यांनी डेटा परत साफ केल्यावर आकडाच उलटा निघाला आणि लोक सरांना जुनाच आकडा ऐकवत बसले, सर काही बोलले नाहीत पण मला कुठे तोंड लपवू असं झालं.

प्रश्न विचारणारे दोघंजण आधीच धरून ठेवा, पहिला प्रश्न बरा आला की बाकीचेही बोलायला लागतात. "फ्यूचर स्कोप काय" असलं विचारू नका, डेटा कुठून आला आणि त्यात कोण सुटलं ते विचारा. समजा कोणी इंदूरच्या सराफा बाजारात यूपीआयचा सर्वे केलाय, तर दिवसा केला की रात्री? दिवसा सोन्याचांदीवाले भेटतील, रात्री गराडू-जलेबीवाले, बाजार एकच पण सँपल पार वेगळं. आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसायची शक्यता, ०.०५ च्या खाली आली की लोक निकाल मानतात) ०.०४९ आली म्हणून माना डोलवू नका, ती ०.०५ ची रेघ संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ साली सोयीची म्हणून सुचवलेली, ब्रह्मवाक्य नाही ते.

वेळ वीस मिनिटं बोलणं, बाकी सगळा प्रश्नांना. सर ऐकत नाहीत, घड्याळ त्यांच्या समोर ठेवा.

प्रोजेक्टरला एचडीएमआय लागते आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपना फक्त टाइप-सी असतं, अ‍ॅडॉप्टर आदल्या दिवशी लावून बघा. खायला कचोरी नको, हँडआउटवर तेलाचे डाग पडतात आणि बोटं चाटता चाटता कोण लिहून घेणार, त्यापेक्षा पोहे बरे, जीरावण (पोह्यांवर टाकायचा मसाला) वेगळं ठेवा. एकादशी आली तर साबुदाणा खिचडी सांगा, उपासवाले मागे नुसत्या चहावर बसले होते.

किल्ली वॉचमनकाकांकडून सव्वाचारलाच घ्या, साडेचारला त्यांची ड्यूटी बदलते आणि नवीन काकांना कुठली किल्ली कुठली ते माहीत नसतं.