सुटीवरून परतल्यावर अर्धवट मातीकाम पुन्हा हाती घेताना

मे महिन्यात आठ-पंधरा दिवस गावी राहून आलेला शिल्पकार स्टुडिओचे कुलूप उघडतो, तेव्हा सर्वांत आधी त्याला ओल्या फडक्यांचा कुबट वास येतो. हा वास आला तर अर्धी काळजी मिटली असे समजावे, कारण फडकी कुबटली याचा अर्थ ती ओली राहिली. दगडाचे किंवा लाकडाचे काम आणखी चार दिवस पडून राहिले तरी फारसे बिघडत नाही. मातीतला अर्धपुतळा मात्र कुणासाठी थांबत नाही, म्हणून बॅग कोपऱ्यात ठेवून, चहाच्याही आधी, त्याच्याकडे वळावे. त्या वेळी हातात पाण्याची फवारणीची बाटली असावी. टूल पेटीतच राहू द्यावे.

वरचे प्लास्टिक काढल्यावर आतले फडके एकदम ओढू नये. नाकाचा शेंडा, हनुवटी, कानाच्या पाळ्या, मिशांची टोके अशा ठिकाणी कापड सुकून मातीला चिकटलेले असते आणि ते ओढले की आठवडाभर खपून काढलेली कड त्याच्याबरोबर निघून येते. फडक्यावर बाहेरूनच पाणी फवारून दहा मिनिटे वाट पाहावी आणि मग ते वरून खाली हळूहळू सोडवावे. मातीवर काळे-हिरवे डाग दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. अशी माती बहुधा चांगली मुरलेली असते आणि हाताला लोण्यासारखी लागते. फडकी मात्र धुऊन कडक उन्हात वाळवावीत आणि बुरशी पुसताना तोंडावर रुमाल बांधावा.

त्यानंतर अंगठ्याच्या नखाने मातीची अवस्था तपासावी. नख सहज रुतत असेल तर हलकी फवारणी पुरे. माती चामड्यासारखी घट्ट झाली असेल आणि नख जेमतेम उमटत असेल, तर जेथे भर घालायची आहे तेवढा भाग करवतीच्या पात्याने उभा-आडवा खरवडावा, त्यावर मातीची पातळ राबडी लावावी आणि ओले फडके गुंडाळून रात्रभर तसाच ठेवावा. ही घाई टाळली नाही तर नवी माती त्या वेळी बसल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांनी पापुद्र्यासारखी सुटते. तिसरी अवस्था सर्वांत फसवी असते. माती पांढरट पडलेली असते, टिचकी मारली की पोकळ वाजते, आणि पाहणाऱ्याला तिच्यावर तांब्याभर पाणी ओतण्याचा मोह होतो. पूर्ण वाळलेली माती पाणी पिऊन जागच्या जागी विरघळते व ढासळते, म्हणून तो भाग काढून, कुटून, बादलीत भिजत टाकणे हाच मार्ग उरतो. मानेभोवती किंवा खांद्यांवर भेगा दिसल्या तर त्याचेही नवल नाही, कारण वाळताना माती आकसते आणि आतला सळईचा सांगाडा आकसत नाही.

एकदा मी शेजारच्या मुलाला रोज पाणी मारायला सांगून गेलो होतो. त्याने ते एक दिवसही न चुकवता मारले, पण डोक्यावरून. सगळे पाणी खांद्यांच्या खळग्यांत साचून डावा खांदा छातीवर घसरला, आणि जेथे पाण्याचा थेंब पोहोचला नाही त्या हनुवटीखाली बोट शिरेल एवढी भेग पडली. चूक माझीच होती. त्याला ‘पाणी मार’ असे न सांगता ‘फडके ओले ठेव’ असे सांगायला हवे होते.

ओलावा सावरला की मापे घ्यावीत. कपाळाच्या मध्यावरून ओळंबा सोडून पाहावा, आणि हनुवटीपासून गळ्याखालच्या खळगीपर्यंतचे अंतर कॅलिपरने मोजून, जाण्यापूर्वी वहीत लिहिलेल्या मापाशी ताडून पाहावे. ते 5-6 मिलिमीटरनी कमी भरले तर डोके स्वतःच्या वजनाने खाली बसलेले आहे, आणि अशा वेळी चेहरा दुरुस्त करत बसणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. मान मागच्या बाजूने उघडावी, सांगाडा आवळावा, लाकडी तुकड्यांच्या फुल्या तारेने बांधून आत सोडाव्यात, म्हणजे मातीचा भार त्या पेलतात.

सुटीने एक गोष्ट मात्र फुकट दिलेली असते, ती म्हणजे नवी नजर. माझ्या अनुभवाने ती अर्धा दिवस टिकते. नंतर डोळा पुन्हा आपल्याच चुकांना सरावतो. म्हणून मूळ छायाचित्रे न पाहता पुतळा दहा-बारा फुटांवरून पाहावा, फिरत्या स्टँडवर सावकाश फिरवावा, आरशातही पाहावा, आणि जे खटकेल ते हात न लावता लिहून काढावे. अशाच एका सकाळी ‘उजवा कान बोटभर मागे’ असे मी लिहिले होते, आणि तो कान मी त्याआधी तीन आठवडे रोज पाहत होतो. सुटीत अलिबागजवळच्या सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांची शिल्पे पाहून आलेला असाल तर नजर आणखी कठोर झालेली असते. ती कठोरपणे वापरावी.

साहित्याचीही झडती घ्यावी. उघड्या पोत्यातले प्लास्टर हवेतला दमटपणा ओढते, म्हणून वाटीभर पाण्यात ते भुरभुरवून एक लहान गोळा करून पाहावा. तो भुसभुशीत राहिला तर त्या पोत्यातून साचा घेऊ नये. उन्हाळ्यात रेझिनची जेली झाली असेल तर ते टाकून द्यावे. फडताळ आवरताना, रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात मिसळायची कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन रसायने शेजारी ठेवू नयेत. ते थेट एकत्र आल्यास भडका किंवा स्फोट होऊ शकतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक जागी बसवायच्या पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती मिळाल्यानंतर सुटीवर गेला असाल, तर नव्या नजरेला खटकलेली गोष्ट परस्पर बदलू नये. आधी संबंधितांना लेखी कळवावे, मगच माती हलवावी.

प्रत्यक्ष काम दुसऱ्या दिवशी सुरू करावे आणि तेही डोक्याच्या मागच्या बाजूपासून किंवा कोटाच्या चुण्यांपासून, कारण पंधरा दिवस टूल न धरलेला हात पहिल्या तासाला जड चालतो. डोळे आणि ओठ तिसऱ्या दिवसावर ठेवावेत. संध्याकाळी झाकताना डोक्याभोवती तीन-चार काड्या खोचून फडके त्यांच्यावर तंबूसारखे सोडावे, म्हणजे ते नाकाला टेकत नाही.