गुलाब छाटताना हात आखडू नका

पुण्यात परतीचा पाऊस ओसरला की कात्रीला धार लावायची. सहकारनगरातल्या आमच्या गच्चीवरची छाटणी मी दसरा-दिवाळीच्या मध्येच उरकते. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात फुलं ठेवायची असतील, तर मात्र उलटे दिवस मोजा, कारण छाटणीनंतर फुलायला साधारण सहा-सात आठवडे लागतात.

आधी वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग बाहेरच्या बाजूला तोंड असलेला फुगीर डोळा, म्हणजे नवी फूट निघते ती जागा, शोधा. त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. कापाच्या आतला गर पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर मर, म्हणजे फांदी टोकाकडून वाळत जाण्याचा रोग, खाली उतरली आहे. पांढरा गर लागेपर्यंत आणखी खाली कापा. इथेच लोकांचा जीव कासावीस होतो! कापांवर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा.

डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून आलेला जोमदार फुटवा रानटी खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या मूळ झाडाचा असतो. तो कापू नका, बुडातून ओढून काढा.

पाणी सकाळी, मुळाशीच. पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके आलेच. शेणखत मूठ-दोन मूठ पुरे.