लॉ सीईटीला पोरं बसवताय? मग या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव, केज, गेवराई बाजूच्या कॉलेजातली बीए-बीकॉमची बरीच पोरं शेवटच्या वर्षाला आली की एलएलबी करायचं म्हणतात, त्याची राज्याची प्रवेश परीक्षा म्हणजे लॉ सीईटी, अन् जी मागं राहतात ती पेपरापेक्षा कागदातच जास्त अडकतात. तरी आपण मदत करणारे, म्हणजे कॉलेजातले सर, हॉस्टेलचा सीनियर, गावातला वकील झालेला दादा, सगळा जोर पुस्तकावर आणि क्लासवर लावतो. म्हणून आधी कागदाचं बोलू.

पहिल्यांदा पोरगं बसू शकतं का ते तपासा. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत ओपनला ४५ टक्के, ओबीसी अन् भटक्या-विमुक्तांना ४२, एससी-एसटीला ४० लागतात, आणि ४४.८ चे कुणी ४५ करून देत नाही. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीही सीईटी देता येते, त्यामुळं "डिग्री हातात येऊ दे मग बघू" म्हणणाऱ्याचं वर्ष फुकट जातं. अजून एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. शाळा सुटलेली बाई बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून बीए झाली असेल तर बार कौन्सिल, म्हणजे वकिलीचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या नियमात ते चालत नाही. मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीला तशी हरकत नाही, पण दहावी, बारावी आणि मग पदवी हा क्रम पाहिजे. फी भरल्यावर हे कळलं तर रडायची पाळी येते, पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आता दाखले. आपल्याकडं ऊसतोडीची टोळी दसरा-दिवाळीच्या आसपास कारखान्याला निघते ती उन्हाळा लागतानाच माघारी येते, आणि फॉर्म भरायचे दिवस बहुतेक मधेच येतात, मग बापाची सही, शपथपत्र, बापाचा शाळेचा उतारा सगळं सांगली-कोल्हापूरकडच्या फडात अडकतं आणि पोरगं इकडं सेतू केंद्रावर नुसतं हेलपाटे मारत बसतं. दिवाळीच्या आत, घरचे गावात असतानाच व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्याचं काम हातात घ्या. एससीला १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. आपला मुलूख निजामाचा, जुनी नोंद उर्दूत निघाली तर भाषांतर करून घ्यावं लागतं, त्यात अजून दिवस जातात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर आधी चुलत्याकडं, चुलत भावाकडं व्हॅलिडिटी आहे का विचारा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली असली की काम बरंच हलकं होतं. (आणि भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर तेवढ्यापुरतं तरी सुरू करा!) नॉन-क्रीमीलेयर म्हणजे उत्पन्नाचा दाखला नाही, दोन्ही वेगळे काढा, आणि त्यावर कुठल्या ३१ मार्चपर्यंत चालतं लिहिलंय ते वाचा.

फॉर्म नेट कॅफेवर भरला की हमखास होणारा घोळ म्हणजे मोबाईल नंबर आणि ईमेल कॅफेवाल्याचा. मग ओटीपी त्याच्याकडं, हॉल तिकिटाचा मेसेज त्याच्याकडं, पासवर्डही त्यालाच माहीत, आणि नेमकं शेवटच्या दिवशी त्याचं शटर बंद. असं झालेलं असेल तर आजच त्याच्यासमोर बसून लॉगिन करा, पासवर्ड वहीत लिहून घ्या, नंबर बदलता येत असेल तर बदला. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच टाका.

अभ्यासात मोठी चूक एकच, इंग्रजी टाळणं. २०२५ ला पेपर १५० वरून १२० प्रश्नांवर आला, दोन तास, त्यात तीन वर्षांच्या कोर्सला इंग्रजीचे ४०, जीकेचे ३२, कायदा आणि लॉजिकल प्रत्येकी २४. एमपीएससी किंवा पोलीस भरती केलेल्या पोराचं जीके आणि लॉजिकल बरं असतं, कायद्याचे प्रश्न मराठीतूनही वाचता येतात, इंग्रजी मात्र इंग्रजीतूनच सोडवावं लागतं, म्हणून त्याला रोज एक उतारा वाचायला लावा आणि मोठ्यानं वाचायला लावा, लाजला तरी. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी पोरं प्रश्न सोडून येतात! शेवटची पाच मिनिटं राहिलेल्यांवर टिचक्या मारायला ठेवा. आणि परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, मोबाईलवर वाढलेल्या पोराला माउस धरता येत नाही हे खरंय, कॉलेजच्या लॅबमध्ये दोन-चारदा बसवा.

सीनियरची जुनी पुस्तकं घेताना बघून घ्या. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आलीय, खुनाचं ३०२ आता १०३ आहे आणि फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. राज्यघटनेचा भाग जुन्या पुस्तकातून चालेल.

"निकाल लागला, आता कॉलेजवाले बोलावतील." नाही बोलवत. कॅप राउंडची, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीची नोंदणी वेगळी करावी लागते, कागद परत अपलोड करायचे, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. अपलोड केलेला कागद धूसर असला की त्रुटी निघते, ती ठरलेल्या मुदतीत दुरुस्त केली नाही तर पोरगं ओपनमध्ये ढकललं जातं, तेव्हा त्या दिवसांत रोज लॉगिन करून बघा. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण असं जिथं राहायची सोय होईल ते वर टाका. संभाजीनगरच्याच राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं नाव ऐकून पदवीवाली पोरं हुरळतात, पण तिथला पाच वर्षांचा कोर्स बारावीनंतर क्लॅट या वेगळ्या प्रवेश परीक्षेतून असतो.

मॅनेजमेंट कोट्यातून "सीट पक्की करतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. शिष्यवृत्ती आणि फी माफी कॅपमधून झालेल्या प्रवेशाला असते. जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीच्या मुलींची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, आणि तिथंही कॅपचीच अट. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर एससी-नवबौद्धांना स्वाधार, एसटीला स्वयम्, ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवरचा फॉर्म भरावा लागतो, आणि पैसे आधार लिंक असलेल्या खात्यातच येतात, म्हणून खातं बापाचं नको, पोराच्या स्वतःच्या नावावर उघडा.