बर्फ राखाडी येत होता, तो असा पांढरा झाला

हिमाचलच्या स्पितीतली ‘की’ गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ४,००० मीटरहून उंच. समोर लख्ख बर्फ, स्क्रीनवर मात्र धुरकट राखाडी! कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर प्रत्येक दृश्य मध्यम करडं धरून चालतो. फ्रेमभर बर्फ असला की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळवंडतो. मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरच्या हिशोबापेक्षा उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) +१ वर नेलं, मग +१.३ वर. हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, उजवीकडे उजळ भाग) उजव्या कडेला चिकटू दिला नाही, नाहीतर वाऱ्याने बर्फावर ओढलेल्या बारीक रेघा पुसल्या जातात. गोम्पाच्या भिंती बर्फाहून किंचित पिवळसर दिसू लागल्या, तेव्हा जमलं. ढग आला की पुन्हा तपासायचं. मोबाइलवर बर्फावर बोट दाबून धरा, सूर्याचं चिन्ह वर सरकवा. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. थंडीत ती भराभर उतरते.