बटाट्यावर पेरॉक्साइड ओतून पाहा

फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या कुठल्याही फार्मसीत हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली मिळते. घेताना लेबल वाचा. ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे साधारण ६ टक्के. १ मिली द्रावण पूर्ण विघटित झाले तर सुमारे २० मिली ऑक्सिजन सुटतो. लागेल तेवढेच कपात काढून तितकेच पाणी मिसळा. केसांसाठीचे तीव्र द्रावण नको, त्याने कातडी पांढरी पडून चुरचुरते.

आता एक बटाटा अर्धा कापा. एक अर्धा किसून घ्या, दुसरा चांगला उकडून, गार करून कुस्करा. दोन काचेच्या ग्लासांत एकेक चमचा घाला आणि वर तीन-तीन चमचे द्रावण ओता. कच्च्या किसातून लगेच बारीक बुडबुडे सुटतात आणि पांढरा फेस वर चढतो. उकडलेला जवळजवळ ढिम्म.

पेरॉक्साइड बाटलीतही आपले आपण मोडतच असते, फक्त फार सावकाश: दोन रेणूंपासून पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक. वर उष्णताही बाहेर पडते. कच्च्या बटाट्यातले कॅटलेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारे प्रथिन) तेच काम झपाट्याने उरकते. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू मोडतो. उकडल्यावर या प्रथिनाची घडी विस्कटते आणि काम थांबते. जखमेवर फेस येतो तोही रक्तातल्या कॅटलेजमुळेच, जंतू मेल्याची ती खूण नव्हे.

फेस चढल्यावर ग्लासावर बशी नुसती टेकवा, घट्ट झाकू नका. मिनिटभराने विझवलेल्या अगरबत्तीचा निखारा आत धरा, फेसाला लावू नका. तो लख्ख उजळला की ऑक्सिजन आहे असे समजा. मग त्याच किसावर ताजे द्रावण ओता, पुन्हा फेस येईल. विकर खर्ची पडलेले नसते.

ओळखीच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, चिमूटभर यीस्ट मिळाले तर उत्तमच. ते बटाट्यापेक्षा जोरात उसळते, खाली ताट ठेवा. शाळेत यासाठी मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड वापरतात. मँगनीजचे खनिज आपल्या गोव्यातल्या सांगे-केपे भागातही सापडते. ही पूड मात्र कितीही उकळा, काम करतेच, कारण ती प्रथिन नाही.

उरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नका. बटाट्याचा कण किंवा गंज आत गेला तर बंद बाटलीत दाब वाढून ती फुटू शकते. बाटली मूळ झाकणासकट, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. मे महिन्याच्या उकाड्यात खिडकीत ठेवलीत तर पेरॉक्साइड लवकर मोडून द्रावण कमजोर होत जाईल.