जंगलातल्या गावांत उद्योजकता कार्यक्रमाला पैसे देताय? या चुका टाळा

गडचिरोलीच्या ग्रामसभा असोत, मेळघाटातली कोरकू गावं असोत की यवतमाळकडची कोलाम पोडं (वस्त्या) असोत, छोट्या उद्योगांसाठी येणारा पैसा चांगल्या मनानेच येतो. कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागातली माणसं भेटतात, त्यांची तळमळ खरी असते. तरीही वर्षानुवर्षं त्याच चुका होतात, आणि खापर फुटतं गावावर: "यांना उद्योगाची आवडच नाही." हे वाक्य ऐकून कान किटले आहेत, म्हणून लिहितो.

मार्चमध्ये प्रशिक्षण ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मंजुरी दिवाळीनंतर येते, पैसा जानेवारी-फेब्रुवारीत सुटतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायची घाई सुरू होते. नेमकी तेव्हाच मोहाच्या झाडांची फुलं पडायला लागतात.

कुरखेड्याकडच्या एका गावात एका कंपनीने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांचं शिबिर ठेवलं. मांडव, प्रोजेक्टर, जेवण, सगळं व्यवस्थित. यादीत चाळीस बाया. पहिल्या दिवशी आल्या नऊ, त्यातही निम्म्या म्हाताऱ्या आणि कडेवर नातवंडं. नागपूरहून आलेले अधिकारी चिडले. फुकट मिळालं की किंमत राहत नाही, असं म्हणाले. मी त्यांना म्हटलं, उद्या पहाटे माझ्यासोबत चला.

साडेचारला निघालो. जंगलात जागोजागी बॅटऱ्यांचे उजेड हलत होते. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली, त्याखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला. बाई वाकून एकेक फूल टोपलीत टाकते, वरून टपटप आणखी पडत असतात. उशीर केला तर गुरं खातात, हरणं खातात, आणि अस्वलाची भीती असतेच. ऊन चढेपर्यंत हे चालतं, मग डोक्यावर टोपली घेऊन घरी, अंगणात वाळत घालायचं, मग चूल. एका मावशीने साहेबांना सरळ विचारलं, "भाऊ, मोह पडून राह्यला अन् तुम्ही आमाले क्लासात बसवता का? पावसात मंग पोराईले काय खाऊ घालू?"

साहेबांना ते पटलं. तारीख मात्र बदलली नाही, कारण बिलं ३१ तारखेच्या आत हवी होती. उरलेले चार दिवस कॉलेजातली पोरं खुर्च्यांवर बसवली आणि अहवालात चाळीस महिला उद्योजक प्रशिक्षित झाल्या.

यावर माझी सवय एकच. प्रस्ताव हातात आला की आधी गावाचं वर्ष कागदावर मांडतो. मार्च-एप्रिल मोह. त्याच्या पाठोपाठ चार, म्हणजे चारोळीची फळं. मे महिन्यात तेंदूपत्ता, तेव्हा तर लहान पोरंसुद्धा पुडके बांधायला बसलेली असतात. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. शिकायला मोकळा वेळ मिळतो तो पोळ्यानंतर थोडा आणि मळणी आटोपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत. "मार्चएंड आहे, आमचा नाइलाज आहे" हे कारण तर मी आता ऐकूनच घेत नाही. प्रकल्प एकाहून जास्त वर्षांचा म्हणून मंजूर केला असेल, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या 'अनस्पेंट सीएसआर' खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. कायद्यातच तशी सोय आहे. ती वापरायला सुरुवातीलाच थोडं नियोजन लागतं, एवढंच.

यंत्र आधी, खेळतं भांडवल कधीच नाही

चारोळी फोडायचं यंत्र, पत्रावळी दाबायचं यंत्र, मोहाच्या लाडवांसाठी मिक्सर. फोटो चांगला येतो, फीत कापता येते. दुसऱ्या वर्षी जाऊन पाहा, यंत्रावर ताडपत्री टाकलेली असते.

कारण साधं आहे. चार वेचून, धुऊन, वाळवून बाई आठवडी बाजारात आणते ती त्या दिवशीच्या तेल-मिठासाठी, दवाखान्यासाठी. व्यापारी तिथे रोकड घेऊन बसलेला असतो. कित्येकींना त्याने मागच्या पावसाळ्यातच उचल दिलेली असते. बचत गट म्हणतो, माल द्या, विकला गेला की पैसे देऊ. कोण देणार? आपल्याच गटाच्या बाया व्यापाऱ्याकडे जातात, आणि त्यात त्यांची चूक नाही. माल नाही, म्हणून यंत्र बंद. मग अहवालात 'लाभार्थ्यांचा प्रतिसाद कमी' असं येतं.

बजेट उघडून पाहिलं तर शेड आणि यंत्रावर बहुतेक पैसा गेलेला, उरलेला प्रशिक्षण आणि बॅनरवर. माल खरेदीला शून्य. विचारलं तर उत्तर मिळतं, रोकड दिली की ऑडिटला अडतं. अडत नाही. गटाच्या किंवा महासंघाच्या बँक खात्यात फिरता निधी टाका, ठराव घ्या, खरेदी रजिस्टर ठेवा. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचे गट हे काम रोज करतात.

मी पहिल्या वर्षी यंत्र घेऊच देत नाही. पहिलं वर्ष फक्त विकत घ्या, नीट वाळवा, साठवा आणि विका. हंगामात मोहाचा भाव पडलेला असतो, पावसाळ्यात चढतो. एवढ्या फरकातच गटाला पहिली कमाई होते. पण मोह हवेतला ओलावा ओढतो, नीट वाळला नसेल तर काळा पडतो, अळी लागते. जुन्या बाया मूठभर मोह दाबून बघतात. गोळा झाला तर अजून ऊन हवं. तो नीट वाळवायला स्वच्छ जाळी लागते, हवा न लागणारी पोती लागतात, जमिनीपासून वर लाकडी फळ्या लागतात. यात फीत कापण्यासारखं काही नसतं, म्हणून देणाऱ्यांना ते नको असतं. पण याच वर्षात गट वजन, प्रतवारी, हिशोब शिकतो. पुढच्या वर्षी यंत्र हवं की नको ते मग त्याच सांगतात. आणि यंत्र घ्यायच्या आधी गावात थ्री-फेज वीज आहे का, एवढं तरी लाइनमनला विचारा.

सरपंचाची सही म्हणजे ग्रामसभेचा होकार समजणं

एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं असतात. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथे, प्रत्येक गावाची स्वतःची ग्रामसभा असू शकते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर (मोह, तेंदूपत्ता, बांबू वगैरे) हक्क आहे तो या गावाचा. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्यांनी स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही आपल्या बांबूचा कारभार स्वतः करून दाखवला. जिथे लोक लाखोंचा व्यवहार स्वतः करतात, तिथे 'उद्योजकता रुजवायला' आलो म्हणून भाषण ठोकणं मला अपमानास्पद वाटतं.

संध्याकाळी गावात जा, खाली बसा आणि आधी ऐका. यंत्र बिघडलं तर कोण दुरुस्त करेल, नफा वाटायचा कसा, ज्यांच्या घरी कमी झाडं त्यांचं काय, हे प्रश्न सल्लागाराच्या आधी ग्रामसभा विचारते. निर्णयाला दोन-तीन बैठका लागतील. तेवढा धीर नसेल तर पैसे दुसरीकडे द्या.

बाकीच्या चुका, थोडक्यात

यंत्र, शेड संस्थेच्या नावावर ठेवून निघून जाऊ नका. सीएसआरच्या २०२१ च्या नियमांत अशी मालमत्ता थेट बचत गटाच्या नावावर करता येते. तशी करा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिचे पैसे लावणारा एजंट बजेटमध्ये दिसला की ती ओळ खोडा.

गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारी ट्रेनर शोधा. सापडत नाही म्हणणाऱ्याने शोधलेलं नसतं.

सगळ्या गावांना अगरबत्ती आणि पापड शिकवू नका.

चव आणि टिकाऊपणा ठरायच्या आधी रंगीत डबे छापू नका.

मुंबईच्या प्रदर्शनात एकदा झालेली विक्री ही बाजारपेठ नव्हे. ब्रह्मपुरी, वडसा, धारणीतला किराणा दुकानदार तिसऱ्यांदा माल मागवतो का, ते बघा.

आणि आढावा उद्घाटनाच्या दिवशी घेऊ नका, जुलैच्या शेवटी घ्या. चिखल असेल, गाडी अर्ध्या रस्त्यात सोडावी लागेल, तरी जा. गोदामात किती पोती मोह उरला आहे, किती गेला, कोणत्या भावाने गेला आणि उचल न घेता किती घरांचा पावसाळा चालला आहे, हे गटाच्या रजिस्टरमध्ये स्वतः पाहा. पुढचा हप्ता त्यावरून ठरवा.