जोडीदार बरा असताना करून ठेवायची कामे

मूड डिसऑर्डर (नैराश्य किंवा बायपोलरसारखा मनःस्थितीचा आजार) असलेल्या जोडीदाराला आधार देण्याचे बरेचसे काम तो आजारी असताना नव्हे, तर बरा असताना करायचे असते. नैराश्याच्या किंवा उन्मादाच्या (मेनिया, म्हणजे अतिउत्साहाच्या अवस्थेच्या) ऐन भरात वाद घालून काही हाती लागत नाही. म्हणून घर शांत असताना दोघांनी बसून पुढच्या वेळी काय करायचे ते ठरवावे आणि कागदावर उतरवावे.

आधी पूर्वखुणा लिहाव्यात. बायपोलर आजारात, म्हणजे ज्यात कधी उन्माद तर कधी नैराश्य येते त्यात, उन्मादाची पहिली चाहूल बहुधा झोपेतून लागते: तीन-चार तास झोपूनही थकवा जाणवत नाही, बोलण्याचा वेग वाढतो, खर्चाचे बेत मोठे होऊ लागतात. नैराश्यात अंघोळ टळते, नातेवाइकांचे फोन उचलले जात नाहीत. खूण दिसल्यावर ती कोणत्या शब्दांत सांगितलेली चालेल, हे जोडीदारालाच विचारावे. प्रत्येक रागावर ‘गोळी घेतलीस का?’ असे विचारणाऱ्या माणसाचे कोणी फार काळ ऐकत नाही, आणि ते योग्यही आहे. मोठ्या खर्चाला दोघांची संमती लागेल, हा करारही याच बैठकीत व्हावा.

झोपेला मात्र औषधाइतकेच जपावे. नवी मुंबईतील ऐरोली किंवा महापे येथील नोकरीत पाळ्या सतत बदलत असतील, तर डॉक्टरांचे पत्र देऊन दिवसपाळी मागून पाहावी. नवरात्रात ठाण्यातील टेंभी नाक्याच्या देवीला जरूर जावे, पण सलग जागरणे टाळावीत. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) घेणाऱ्याने निर्जळी उपवास करू नये, कारण शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकानेही तेच होते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी करतात, आणि मूत्रपिंड व थायरॉइडचीही तपासणी ठरावीक काळाने करावी लागते.

डॉक्टरांकडे शक्यतो सोबत जावे, अर्थात जोडीदाराची संमती असेल तर. सौम्य उन्मादाचे दिवस रुग्णाला ‘चांगले दिवस’ वाटतात आणि तो केवळ नैराश्याबद्दल बोलतो. बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने उन्माद उफाळू शकतो, त्यामुळे त्या दिवसांची तुम्ही दिलेली माहिती उपचारांची दिशा बदलू शकते. नैराश्यविरोधी औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर ‘काही हवे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘मी चहा टाकतो, मग उपवन तलावाला एक फेरी मारून येऊ’ असे म्हणावे. नकार आल्यास आग्रह करू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणताही प्रौढ माणूस साध्या कागदावर लिहून आणि सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, नेमू शकतो. हा कागद आताच करावा. आजाराविषयी सासरी-माहेरी कोणाला किती सांगायचे, हे ज्याचा आजार आहे त्यानेच ठरवावे; सोसायटीत तर कोणालाच सांगण्याचे कारण नाही.

‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलणे ऐकू आल्यास ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. होकार आल्यास एकटे सोडू नये, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्यावा आणि डॉक्टरांना कळवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते. जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२ लावावा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. औषधांची यादी, डॉक्टरांचा क्रमांक आणि प्रतिनिधीचा कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत, आणि ती फाइल कुठे आहे हे घराबाहेरच्या एका विश्वासू माणसालाही ठाऊक असावे.